नॉबवरचा कलावा

इंदुमती वळसंगकरांना माणसांचा हिशेब जमतो, असं त्यांचं स्वतःचं मत होतं, आणि आर. के. पुरमच्या त्यांच्या ब्लॉकमध्ये ते खोडून काढण्याच्या भानगडीत आजवर कोणी पडलं नव्हतं. जिन्यात भेटलेला माणूस आधी त्यांची तब्येत विचारतो की आधी साहेबांची, यावरून त्याची फाइल कुठे अडकलीय हे त्या चहा निवायच्या आत सांगत. साहेब म्हणजे त्यांचे यजमान बळवंतराव, केंद्र सरकारात उपसचिव. ते म्हणत, "तू फिजिक्समध्ये फुकट गेलीस. इन्कम टॅक्समध्ये असतीस तर देश कुठल्या कुठे गेला असता."

या हिवाळ्यात मात्र इंदुमतीबाईंनी एक हिशेब मुद्दाम उघडा ठेवला होता. तो होता अर्पिता जगदाळे या त्यांच्या विद्यार्थिनीच्या एका आलेखाचा.

त्यांची प्रयोगशाळा मानेसरच्या पुढे, गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने संपून मोहरीची शेतं लागतात तिथे होती. तिथे त्या काय करतात हे बळवंतरावांना त्यांनी एकदा धौला कुआंच्या जाममध्ये समजावून सांगितलं होतं. मागून रुग्णवाहिका आली, गाड्या कुरकुरत बाजूला झाल्या, आणि एक पांढरी गाडी चटकन तिच्या शेपटीला चिकटून सुसाट निघून गेली.

"अहो, हे बघा आमचं काम," इंदुमतीबाई म्हणाल्या. "पुढे इलेक्ट्रॉनांचा एक दांडगा घोळका सोडायचा. काचेच्या बारीक नळीतून तो जातो आणि मागे लाट उठवून जातो. मग त्याच्या मागून एक छोटा घोळका त्या लाटेवर असा बसवायचा, की त्याला फुकटचा वेग मिळाला पाहिजे."

"यात अवघड काय? दिल्लीत सगळ्यांना येतं."

"अवघड हे की तो छोटा घोळका सरळ जात नाही. जरा कडेला सरकला की लाटच त्याला आणखी कडेला ढकलते आणि तो नळीच्या भिंतीवर आपटतो. म्हणून नळीत विरळ वायू भरून त्यातून वीज सोडतो आम्ही. त्याचा प्लाझ्मा होतो, आणि तो प्लाझ्मा घोळक्याला मधोमध आवळून धरतो."

"राजीव चौक मेट्रोसारखं," बळवंतराव म्हणाले. "गर्दीत शिरलं की भिंतीला टेकायची सोय नाही."

उपसचिवाच्या मानाने त्यांना बरंच कळलं होतं. वेग म्हणणं चूक आहे, ऊर्जा म्हणायला हवं, हे इंदुमतीबाईंनी त्यांना सांगितलं नाही. प्रयोगशाळेचे डायरेक्टर भल्ला साहेबसुद्धा वेगच म्हणत, आणि ते तर स्वतः पीएचडी होते.

ऊर्जा खरंच वाढली का, हे पाहायची रीत सोपी होती. नळीतून बाहेर पडलेले इलेक्ट्रॉन एका चुंबकातून जात, तिथे डावीकडे वळत आणि चकाकणाऱ्या पडद्यावर ठिपका उमटवत; तो कॅमेऱ्यातून कंट्रोल रूममधल्या पडद्यावर दिसे. ज्यांची ऊर्जा जास्त ते कमी वळणार, म्हणजे त्यांचा ठिपका उजवीकडे पडणार. ठिपका उजवीकडे सरकला की कमाई झाली. वर्षानुवर्षं तो ठिपका सरकारी कर्मचाऱ्यासारखा आपल्या जागेवर बसून होता.

मग सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा झाली. उत्तरेकडच्या रिवाजाप्रमाणे त्या दिवशी सगळ्या यंत्रांना टिळा लागतो आणि लाल-पिवळा धागा, कलावा, बांधला जातो. बीम, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत, चालवणारे सीनिअर ऑपरेटर हरिदास गुरव मूळचे इस्लामपूरकडचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या देवळाची सेवा. दिल्लीला येऊन आयुष्य गेलं तरी हात तोच होता. त्यांनी पंपांना, मॅग्नेटना, कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरला आणि बीम जातो त्या टनेलमध्ये जाऊन नळीच्या टेबलालाही कलावा बांधला. नळी डावी-उजवीकडे सरकवायला तिथे हाताने फिरवायचा एक नॉब होता. टेबलाच्या वरच्या अंगाला धागा अडकायला दुसरी जागाच नव्हती, म्हणून तो बसला नॉबवर.

आणि त्याच आठवड्यात प्लाझ्मा पेटवल्याबरोबर ठिपका उजवीकडे सरकला. रोज सरकू लागला. इंदुमतीबाईंनी कँटीनमध्ये सगळ्यांना जिलेबी वाटली. भल्ला साहेब टाळ्या वाजवून गेले. अर्पिताने आलेख काढला, जर्मनीतल्या एका प्राध्यापकांना पाठवला, आणि तिथून तिला बोलावणं आलं: थीसिस जमा करा आणि या, हाच प्रयोग इथे मोठा करू. नळीच्या नॉबला आता कोणी हात लावायचा नाही, असा नियम कोणी केला नाही. पण तो सगळे पाळू लागले.

जिलेबीच्या दुसऱ्या दिवशी मेथी निवडताना इंदुमतीबाईंचा हात थांबला. यंत्र तेच, वायू तोच, माणसं तीच. मग बदललं काय? धागा बदलला.

त्या भाजी तशीच ठेवून खुर्चीत बसल्या. धागा बांधताना नॉब जरासा फिरला असेल, तर नळी बीमच्या उजवीकडे सरकली असेल. मग प्लाझ्मा आपलं कामच करेल: घोळक्याला नळीच्या मधोमध, म्हणजे उजवीकडे, ओढेल. आणि पडद्याला काय कळतं? ऊर्जा वाढून उजवीकडे आलेला ठिपका आणि नुसता ओढला जाऊन उजवीकडे आलेला ठिपका त्याला सारखेच.

तपासायचा मार्ग सरळ होता. नॉब उलटा फिरवून नळी तेवढीच डावीकडे न्यायची. ठिपका तरीही उजवीकडेच सरकला तर ऊर्जा खरी. तो डावीकडे गेला तर सप्टेंबरपासून सगळे एका धक्क्याला बढती समजत होते.

एवढं कळल्यावर माणूस दुसऱ्या दिवशी तपासतो. इंदुमतीबाईंनी तपासलं नाही. टनेलमध्ये जायचं म्हणजे बीम बंद करायचा, किल्ल्या घ्यायच्या, आत कोणी राहिलं नाही ना हे फिरून बघायचं, पुन्हा सगळं चालू करायचं. अर्धी शिफ्ट जाते. हे त्या स्वतःला सांगत, आणि हे खरंही होतं. पण स्वतःचा हिशेब त्या दुसऱ्यांच्या इतकाच बारीक ठेवत असल्याने त्यांना ठाऊक होतं की ही वरवरची बाजू झाली. आतली बाजू अशी होती की त्या दमल्या होत्या. इतकी वर्षं दर वार्षिक रिव्ह्यूला कमिटीपुढे 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणून दमल्या होत्या. शेजारचा गट त्यांच्या टनेलवर डोळा ठेवून होता. त्या लोकांना तिथे हळद-मिरचीवर इलेक्ट्रॉन मारून मसाले निर्जंतुक करायचे होते, आणि दिल्लीत मसाल्याचं महत्त्व प्लाझ्मापेक्षा चटकन पटतं. त्यात अर्पिता. वडील सुभेदार, साताऱ्याकडचे. मुलगी वाढली जालंधर, जोधपूर, दिल्ली कॅन्ट अशा छावण्यांत. एवढ्या वर्षांत तिने एकदाही 'मॅडम, कंटाळा आला' म्हटलं नव्हतं. तिच्या मनातला आनंद आपल्या शंकेने कशाला ढवळायचा? सध्या तरी नको. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबरचा धूर गेला, डिसेंबर धुक्यात गेला.

जानेवारीत रिव्ह्यूची तारीख आली. भल्ला साहेबांनी बोलावून सांगितलं, "इंदुमतीजी, वो ग्राफ पहली स्लाइड पे डालिए. बाकी सब बाद में." इंदुमतीबाई "जी सर" म्हणाल्या आणि परत येऊन निवलेला चहा प्यायल्या.

त्याच आठवड्यातली गोष्ट. संस्थेची बस सकाळी धुक्यातून रखडत निघाली होती. हरिदास गुरव पुढच्या सीटवर मफलर गुंडाळून बसले होते. कॅन्टजवळ अर्पिता चढली आणि इंदुमतीबाईंच्या शेजारी येऊन बसली.

"काय गं, जर्मनीची तयारी?" हरिदासांनी मागे वळून विचारलं. "थंडीचे कपडे इथूनच ने. तिकडे महाग असतात."

"काका, तिकडची थंडी वेगळी असते, इथल्या स्वेटरने काही होणार नाही."

"मग दोन घाल. आणि विश्वकर्म्याचा फोटो ने. इथे कोणामुळे झालं ते विसरू नको."

"बिल्कुल नाही विसरणार," अर्पिता म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. बाहेर धुकं सोडून काही नव्हतं.

थोड्या वेळाने ती, विषय निघाला म्हणून बोलावं तसं, म्हणाली, "मॅडम, त्यांचा सेटअप मस्त आहे. नळी मोटरवर आहे. कंट्रोल रूममध्ये बसूनच इकडे-तिकडे सरकवतात. ते दर शिफ्टला पूर्ण स्कॅन घेतात, डावीकडून उजवीकडे. रूटीन आहे त्यांचं."

इंदुमतीबाई "अच्छा" म्हणाल्या.

पुढचा रस्ताभर त्या मनात हिशेब मांडत राहिल्या. म्हणजे हे असं होणार. ही पोरगी दोन स्वेटर घालून तिकडे जाणार, आणि पहिल्याच शिफ्टला कोणीतरी कॉफी पीत एक बटण दाबणार. ठिपका इकडून तिकडे जाणार. सगळे सभ्यपणे गप्प बसणार, आणि त्या गप्प बसलेल्या माणसांमध्ये ही एकटी उभी असणार. आपण इथे बसून तिला जपतोय असं समजत होतो. प्रत्यक्षात आपण तिला फक्त लांब नेऊन पाडायची व्यवस्था केली होती. एवढा साधा हिशेब आपल्याला चार महिने लागला नाही, म्हणजे आपण तो लावायचाच नाही असं ठरवलं होतं.

गुरुवारी त्यांची शिफ्ट होती. कंट्रोल रूममध्ये हरिदासांनी खुर्ची ओढली, अगरबत्ती लावून ती कॉम्प्युटरपासून लांब ठेवली आणि हात चोळत म्हणाले, "मॅडम, आज काय? नेहमीचंच?"

"नाही, हरिदासराव. बीम सुरू करायच्या आधी टनेलमध्ये जायचंय. नळी सरकवून बघायचीय."

हरिदासांचे हात थांबले. "नळी? रिव्ह्यू तोंडावर असताना?"

"हो."

"चालत्या गाडीचा बोल्ट कशाला सैल करायचा, मॅडम? भल्ला साहेबांना विचारलंय?"

"साहेबांना निकाल सांगू. प्रश्न सांगितला तर ते कमिटी बसवतील."

हरिदासांनी आशेने अर्पिताकडे पाहिलं. थीसिस तिची, अडवायचं तर तीच अडवेल. अर्पिता उठली, स्वेटरच्या बाह्या वर केल्या, आणि अगदी हळू म्हणाली, "डावीकडे ना, मॅडम?"

इंदुमतीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. कुठल्या बाजूला, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

हरिदास किल्ल्या आणायला गेले. कंट्रोल रूममध्ये दोघीच उरल्या.

"केव्हापासून?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

"आलेख पाठवला त्याच्या पुढच्या आठवड्यात." अर्पिता पडद्याकडे बघून बोलत होती, पडदा काळा होता. "जास्त ऊर्जा मिळाली तर प्लाझ्मा जरा आधी-नंतर पेटवल्यावर ठिपका कमी-जास्त सरकायला हवा ना. लाट बदलते. पण तो सेमच सरकत होता. मग मला नॉब आठवला."

"आणि तू बोलली नाहीस."

"तुम्ही इतक्या खूश होतात."

"मी?"

"तुम्ही जिलेबी वाटलीत, मॅडम. तुम्ही कधी कोणाला चहा पण पाजत नाही."

हे खरं होतं.

"मला वाटलं," अर्पिता म्हणाली, "इतक्या वर्षांनी तुम्हाला एक रिझल्ट मिळालाय. मीच कशी सांगू? रिव्ह्यू होऊ दे, मॅडमचं टनेल वाचू दे, मग बघू. आणि मग जर्मनीचं आलं. घरी पप्पांनी अख्ख्या युनिटला सांगितलं. मग अजूनच नाही सांगता आलं." "बसमध्ये मी तुम्हाला त्यांच्या मोटरचं सांगितलं ना, ते असंच नव्हतं सांगितलं. म्हटलं, बघू, मॅडम काही म्हणतात का. तुम्ही फक्त अच्छा म्हणालात."

इंदुमतीबाई खुर्चीत बसल्या. ज्या पोरीच्या मनातला आनंद त्या जपत होत्या तो तिथे नव्हताच. आणि ती जपत होती तो यांचा आनंद, तो तर मेथी निवडतानाच संपला होता. दोघींनी चार महिने एकमेकींसाठी एक रिकामा डबा झाकून ठेवला होता, आणि दोघीही तो उघडत नव्हत्या, आतलं सांडेल म्हणून. जिन्यातल्या माणसाची फाइल ओळखणाऱ्या बाईला शेजारच्या सीटवरची मुलगी वाचता आली नव्हती.

"तू मला मूर्ख समजत होतीस," त्या म्हणाल्या.

"नाही मॅडम, दमलेल्या समजत होते."

"ते बरोबर समजत होतीस."

टनेलमध्ये गार होतं आणि पंपांच्या तेलाचा वास होता. टेबलावरच्या पोलादी डब्यात ती नळी होती, पेन्सिलीपेक्षा बारीक. बाहेरून फक्त नॉब दिसत होता. कलावा त्यावर घट्ट गुंडाळलेला, रंग उडालेला, गाठीत तेलकट धूळ बसलेली. अर्पिताने टेबलावरची कात्री उचलली.

"थांब," हरिदास म्हणाले. "कलावा कापायचा नसतो. सोडवायचा असतो."

ते गुडघ्यावर बसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि नखाने गाठ उकलू लागले. गाठ जुनी होती, वेळ लागत होता.

"बांधताना फार घट्ट झाला," हरिदास स्वतःशी बोलावं तसं म्हणाले. "प्रत्येक वेढ्याला नॉब थोडा थोडा फिरत होता माझ्याबरोबर. पण मी नंतर परत जागेवर आणला."

"खुणेवर आणलात?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

"खूण धाग्याखाली गेली होती ना. अंदाजाने आणला."

इंदुमतीबाईंनी डोळे मिटले. त्यांना हसू येत होतं, आणि रागवायला त्यांच्याकडे माणूस नव्हता. पूजेनंतर लेझर लावून नळीची जागा पुन्हा तपासायची जबाबदारी हरिदासांची नव्हतीच, ती त्यांची स्वतःची होती. त्या दिवशी प्रसाद खाऊन त्या बसची वेळ झाली म्हणून निघून गेल्या होत्या.

धागा निघाला. खाली खूण होती, आणि नॉब तिच्यापासून चांगलाच फिरलेला होता. हरिदास खुणेकडे, मग नॉबकडे, मग पुन्हा खुणेकडे पाहत राहिले आणि चष्मा डोळ्यांवर घ्यायला विसरले.

"फिरव," इंदुमतीबाई म्हणाल्या. अर्पिताने नॉब फिरवला, खूण ओलांडून पलीकडे, तेवढाच.

बाहेर येऊन, टनेल बंद करून, सगळं पुन्हा चालू व्हायला दुपार झाली. हरिदासांनी जेवणाचा डबा उघडला नाही. बीम आला. प्लाझ्माशिवाय ठिपका आपल्या नेहमीच्या जागी, पसरट, फिकट, कडा विस्कटलेल्या.

"पेटवा," इंदुमतीबाई म्हणाल्या.

हरिदासांनी बटण दाबलं. ठिपका डावीकडे गेला.

अर्पिताने एक श्वास सोडला. तिने पुन्हा पेटवायला सांगितलं, पुन्हा तो डावीकडे गेला, आणि जितका पूर्वी उजवीकडे जात असे साधारण तितकाच. मग ते पुन्हा आत गेले, या वेळी लेझर लावला, नळी बीमच्या बरोबर मधोमध आणली, पुन्हा बाहेर आले. आता प्लाझ्मा पेटवल्यावर ठिपका कुठेच गेला नाही. तो जिथल्या तिथे आकसला. पसरट डाग होता त्याचा मोहरीच्या दाण्याएवढा गोल, लखलखीत ठिपका झाला. आणि जे इलेक्ट्रॉन एरवी निम्मेअधिक भिंतीवर जाऊन मरत, ते आता जवळपास सगळे नळीपलीकडे पोचत होते.

ऊर्जा मात्र एक कणही वाढलेली दिसत नव्हती. लाट असेल तर पडद्याला दिसू नये इतकी बारीक.

"म्हणजे," हरिदास म्हणाले, "पूजेनंतर जे झालं, ते..."

"नॉबमुळे झालं, हरिदासराव. आणि ते तुमच्यावर नाही. पूजा झाल्यावर मी तपासायला हवं होतं, मी बस पकडली."

हरिदासांनी मान हलवली. त्यांनी कलावा घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला होता, त्यावरून त्यांनी एकदा हात फिरवला.

अर्पिता पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसली होती. "मॅडम, फोकसिंग तर आहे. एकदम साफ आहे. सप्टेंबरपासून आपल्याला फसवलं ते या आवळणाऱ्या प्लाझ्मानेच. एवढ्या जोरात ओढतो की आपण त्याला ऊर्जा समजलो."

"आहे."

"याची थीसिस होईल?"

"होईल. पण आलेखाचं प्रकरण काढायचं, हे नवीन लिहायचं, सगळं मोजायचं. पावसाळ्यापर्यंत जाईल. तोवर जर्मनीवाले थांबतील की नाही, माहीत नाही. थांबणार नाहीत असंच धरून चाल."

"मी त्यांना आजच मेल करते. तो आलेख चुकीचा आहे म्हणून." तिने ओठ चावला. "पप्पांना सांगणं जास्त मुश्किल आहे, यार." मॅडमसमोर यार निघून गेलं हे तिच्या लक्षात आलं नाही, आणि मॅडमनी ते खात्यात धरलं नाही.

इंदुमतीबाईंनी भल्ला साहेबांना फोन लावला. पलीकडे त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"इंदुमतीजी, ये टेस्ट रिव्ह्यू के बाद भी हो सकता था."

"हो सकता था, सर. आज हो गया."

"पहली स्लाइड पे अब क्या डालेंगी?"

"यही. प्लाझ्मा से बीम सीधा जा रहा है, भटक नहीं रहा."

"कमिटी पूछेगी, स्पीड कितना मिला?"

"कुछ नहीं मिला, बोलूँगी."

भल्ला साहेब दमलेल्या माणसाचं हसले. ते वाईट नव्हते. त्यांच्याही वर कोणीतरी वेगच विचारत असे. "देखते हैं," ते म्हणाले. दिल्लीत 'देखते हैं' याचा अर्थ काय होतो हे इंदुमतीबाईंना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. टनेल मसाल्यांकडे जाणार. या वर्षी नाही तर पुढच्या. तोवर अर्पिताची मोजमापं झाली पाहिजेत, एवढंच आता हातात होतं.

निघण्याआधी हरिदास पुन्हा आत गेले. परत यायला वेळ लागला म्हणून इंदुमतीबाई दारापर्यंत गेल्या. हरिदास खाली वाकून तोच कलावा टेबलाच्या लोखंडी पायाला बांधत होते.

"पाय कोणी फिरवत नाही," ते म्हणाले.

"नाही," इंदुमतीबाई म्हणाल्या. "चांगली जागा आहे."

संध्याकाळची बस मानेसरच्या चौकात कारखान्यांच्या बसमध्ये अडकली. धुकं पुन्हा उतरत होतं. इंदुमतीबाईंचं डोकं दुखत होतं. घरी बळवंतराव विचारतील, आज काय झालं, आणि त्या म्हणतील, काही नाही. बळवंतराव ते खरं मानतील, कारण इतक्या वर्षांत बहुतेक दिवशी ते खरंच असे.

अर्पिता मांडीवर फोन धरून बसली होती. मेल लिहिली होती, पाठवली नव्हती. तिने फोन पुढे केला. "मॅडम, एकदा बघा ना. स्पेलिंग नाही, टोन बघा."

इंदुमतीबाईंनी वाचलं. तिने सगळा दोष स्वतःकडे घेतला होता. त्यांनी फोन तिच्याकडून घेतला, थंडीने बधिर झालेल्या बोटाने हळूहळू एक वाक्य घातलं, की प्रयोगाची प्रमुख मी आहे आणि नळीची जागा तपासायचं काम माझ्याकडून राहिलं. खाली आपलं नाव टाकलं आणि फोन परत दिला.

अर्पिताने ते वाचलं. पाठवलं.

मागून सायरन आला. गाड्या बाजूला होऊ लागल्या, रुग्णवाहिका बसला खेटून पुढे गेली, आणि बसचा ड्रायव्हर क्षणाचाही विचार न करता तिच्या मागे लागला. बस एकदम सुटली. पुढे कोणीतरी "शाबाश" म्हणालं.

"मॅडम," अर्पिता म्हणाली, "बघा, फुकटचा वेग मिळाला."

"थांब जरा," इंदुमतीबाई म्हणाल्या. त्यांनी समोरची दांडी घट्ट धरली होती. "आधी हा सरळ जातोय का ते बघू."

बस डावीकडे झुकली, सावरली, आणि पुढच्या टेम्पोच्या मागे जाऊन थांबली. हरिदास मफलरमध्ये झोपले होते. अर्पिताने डोकं खिडकीला टेकलं. अजून धौला कुआं यायचं होतं.